‘अप्रॉक्झिमेट म्हणजे अंदाजपंचे’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अप्रॉक्झिमेट म्हणजे अंदाजपंचे, गणितात त्याला किंमत नाही. पायची (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) नेमकी किंमत २२/७. कॅल्क्युलेटर जितके आकडे दाखवेल तितकं उत्तर अचूक.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

अंदाजपंचे उत्तर किती चुकलंय ते सांगता येत नाही. अप्रॉक्झिमेट उत्तराचं सांगता येतं. २ चं वर्गमूळ १.४१४ घेतलं, तर फरक ०.०००३ च्या आतच. आणि गणितात किंमत नाही म्हणे! ‘आर्यभटीया’त २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिलाय आणि तो ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असं स्पष्ट म्हटलंय.

२२/७ नेमकं असूच शकत नाही. पाय अपरिमेय आहे, म्हणजे तो दोन पूर्णांकांच्या भागाकाराने नेमका लिहिताच येत नाही, हे लँबर्ट या गणितज्ञाने अठराव्या शतकातच सिद्ध केलं. शाळेतल्या उदाहरणांत त्रिज्या ७ च्या पटीत असते ती भागाकार सुटावा म्हणून. १ मीटर व्यासाच्या चाकाला २२/७ ने परीघ सव्वा मिलिमीटर जास्त येतो, ते चालतं. पृथ्वीच्या १२,७४२ किमी व्यासाला तीच चूक १६ किमी होते. पायच्या आणखी जवळचं ३५५/११३ घेतलं तर चूक जेमतेम साडेतीन मीटर.

आता आकड्यांचा सोस. मिलिमीटरच्या पट्टीने कार्ड मोजलं: १२.४ सेंमी लांब, ७.३ सेंमी रुंद. कॅल्क्युलेटर म्हणतो ९०.५२ चौसेंमी. पण प्रत्येक मापात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे धरला, तर क्षेत्रफळ ८९.५ ते ९१.५ मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे दशांशानंतरचा ५२ निव्वळ दिखाऊ. ७.३ मध्ये दोनच सार्थ अंक (मोजमापाने खरोखर कळलेले आकडे) आहेत, म्हणून उत्तरही दोनच अंकी: ९१.

हे पूर्णांकन मात्र एकदाच आणि शेवटी करायचं. २.४६ चं आधी २.५ आणि मग ३ केलं की गेलं. थेट केलं तर २ येतं.

इंग्रजीत लिहिताना म्हणूनच ‘अप्रॉक्झिमेटली ९०.५२’ विचित्र दिसतं. ‘अप्रॉक्झिमेटली ९१’ लिहा. मोजून ठेवलेल्या ४८ खुर्च्यांपुढे हा शब्द लागतच नाही. आणि ‘अप्रॉक्झिमेटली ९० ते ९२’ मध्येही तो जादाच आहे, कारण मर्यादा आधीच दिल्यात.