"तळ्याकाठी ग्रिल लावणं म्हणजे सामाजिक न्याय का?" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही म्हणून नुसतंच नमस्कार. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या लेक मेरिट या तळ्याकाठी ब्लॅक लोकांचा रविवार कसा असतो, ग्रिल, ढोल, नाच, आजीपासून नातवापर्यंत सगळे, यावर मी लिहिलं होतं आणि त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. कमेंटच्या चौकटीत याचं उत्तर मावणार नाही म्हणून इथे लिहितेय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पार्कात बार्बेक्यू करून नाचण्याला सामाजिक न्याय म्हणणं म्हणजे त्या शब्दाची किंमत घालवणं. २०१८ च्या त्या गाजलेल्या प्रकरणात, म्हणजे तळ्याकाठी ग्रिल लावलेल्या ब्लॅक माणसांवर एका गोऱ्या बाईने पोलिस बोलावले तेव्हा, तिने फक्त नियमावर बोट ठेवलं, त्या भागात कोळशाचं ग्रिल चालत नव्हतं, मग तिचं चुकलं काय. सण साजरे करून कोणाचं घरभाडं कमी होत नाही. आणि शेवटचं, जे तुम्ही सगळ्यात जोर देऊन लिहिलंय, की आपण मराठी माणसं इथे येऊन मेहनतीने उभी राहिलो, कोणाकडे काही मागितलं नाही, तर हा विषय मराठीत कशाला आणायचा.

कोळशापासूनच सुरू करू. तेव्हा लेकच्या काही भागात कोळशाला परवानगी होती, काही भागात नव्हती, बरोबर. त्या बाईंनी जाऊन सांगितलं असतं की अहो इथे कोळसा चालत नाही, आणि पुढे निघून गेल्या असत्या, तर मी एक ओळ लिहिली नसती. त्यांनी पोलिसांना फोन केला, बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या, व्हिडिओ जगभर गेला, अटक कोणालाच झाली नाही. तुम्ही म्हणाल मग झालं काय एवढं. झालं हे की ज्या शहरात २००९ च्या १ जानेवारीला फ्रूटव्हेल स्टेशनवर ऑस्कर ग्रँट नावाच्या २२ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला, तो प्लॅटफॉर्मवर पालथा पाडलेला असताना, बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, पोलिसाने गोळी घातली, त्या शहरात ब्लॅक माणसावर पोलिस बोलावणं ही साधी तक्रार राहत नाही, आणि हे त्या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

आणि नियमाचंच बोलायचं तर आपल्या महाडचं बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असं सांगणारा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदावर १९२४ लाच सगळ्यांना खुलं केलं होतं. तरी पाण्याला हात लावायला १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं, आणि त्यानंतर मार खावा लागला तो वेगळाच. म्हणजे कागदावर जागा सार्वजनिक असते आणि प्रत्यक्षात तिथे कोण निवांत बसू शकतं हे कोणीतरी दुसरंच ठरवत असतं. लेक मेरिटचा इतिहास महाडचा नाही, मी दोन्ही एकच आहे असं म्हणत नाहीये, पण सार्वजनिक जागेवर नुसतं जाऊन बसणं ही सुद्धा लढाई असू शकते हे मराठी माणसाला तरी समजावून सांगायला लागू नये.

त्या फोननंतर तीनेक आठवड्यांनी लोकांनी काय केलं, मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही, त्याच तळ्याकाठी मोठ्ठा बार्बेक्यू लावला. लोंढेच्या लोंढे आले, ग्रिल पेटले, म्हाताऱ्या बायका पोरांबरोबर इलेक्ट्रिक स्लाइड नाचल्या. मी याला न्याय म्हटलं आणि अजूनही म्हणते, कारण प्रश्नच हा होता की ही जागा आमची आहे की नाही, आणि त्याचं दुसरं उत्तर असूच शकत नव्हतं.

हे एकदाच झालं असंही नाही. २०१५ मध्ये त्याच तळ्याकाठी ढोल वाजवणाऱ्यांवर पोलिस बोलावले गेले, त्याच सुमारास वेस्ट ओकलंडमधल्या एका जुन्या ब्लॅक चर्चला आवाजाच्या तक्रारीवरून नोटीस आली, आवाज कसला तर भजन म्हणणाऱ्यांचा. शेजारी नवीन, चर्च किती वर्षांचं. मला हे वाचताना दर वर्षी ६ डिसेंबरच्या आसपास दादरबद्दल जे बोललं जातं ते आठवतं, गर्दी, कचरा, ट्रॅफिक, आणि जे लोक हे बोलतात त्यांना त्याच शिवाजी पार्कवर बाकीच्या वेळी होणाऱ्या गर्दीचं काही वाटत नाही.

आता थोडं मागे जाते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत असं गृहीत धरलंय की संस्कृती एकीकडे आणि न्याय दुसरीकडे, एक टाइमपास आणि दुसरं सिरीयस काम. ओकलंडमध्ये हे वेगळं कधी नव्हतंच. हे लोक इथे आले कसे ते बघा. आंतरखंडीय रेल्वे वेस्ट ओकलंडला येऊन संपायची, त्यामुळे पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांवर काम करणारे ब्लॅक पोर्टर तिथे राहायला लागले, १९२५ मध्ये त्यांची युनियन झाली, १९३७ मध्ये पुलमन कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला, ओकलंडचे सी. एल. डेलम्स त्या युनियनच्या मोठ्या पुढाऱ्यांपैकी. मग दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या कारखान्यांमध्ये कामगार पाहिजे होते म्हणून लुइझियाना, टेक्सासहून माणसं आली. १९४० मध्ये ओकलंडात ब्लॅक वस्ती ८,५०० च्या आसपास होती, दहा वर्षांत ४७,००० च्या वर गेली. तर तळ्याकाठी जो धूर येतो ना, तो या लोकांबरोबर टेक्साससारख्या ठिकाणांहून आलेला आहे, जसं गिरणगावात कोकणातून माणसांबरोबर भजनी मंडळं, दशावतार आणि सुक्या मासळीचा वास आला. सेव्हन्थ स्ट्रीटवर ब्लूज आणि जॅझचे क्लब होते, दुकानं होती, केस कापायची सलून होती, युनियनची बैठक आणि संध्याकाळचं गाणं एकाच रस्त्यावर.

तो रस्ता आज का दिसत नाही? कारण पन्नासच्या दशकात सायप्रस फ्रीवे वस्तीच्या मधून काढला, साठच्या दशकात पोस्टाच्या भल्या मोठ्या इमारतीसाठी घरांचे ब्लॉकच्या ब्लॉक पाडले, मग बार्टचा रूळ सेव्हन्थ स्ट्रीटच्या डोक्यावरून नेला. १९८९ च्या भूकंपात तो दुमजली फ्रीवे कोसळला, ४२ माणसं गेली. नंतर सरकार पुन्हा तिथेच बांधायला निघालं तेव्हा वस्तीतल्या लोकांनी हटून नाही म्हटलं, फ्रीवे बाजूने वळवावा लागला, आणि जुन्या जागेवर आज मंडेला पार्कवे आहे, झाडं आहेत, चालायला रस्ता आहे. तुम्ही तिथून गाडीने गेला असाल तर तो रस्ता इतका रुंद का आहे त्याचं कारण हे.

ब्लॅक पँथर म्हटलं की तुम्ही लिहिलंय तसं "बंदुका आणि काळी जॅकेटं" एवढंच बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतं. ती होती, नाकारत नाही. पण १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडात हा पक्ष काढला आणि त्यांची कामं काय होती ते सांगते. फिफ्टी-फिफ्थ आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर शाळेची मुलं गाड्यांखाली यायची, सिग्नल नव्हता, वस्तीतले मागून मागून थकले, शेवटी पँथर रस्त्यात उभे राहून गाड्या थांबवायला लागले आणि १९६७ मध्ये सिग्नल लागला. तिथे आज तशी पाटी आहे. १९६९ च्या जानेवारीत वेस्ट ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये शाळेआधी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात झाली, अंडी, टोस्ट, ग्रिट्स, चर्चच्या हॉलमध्ये, वस्तीतल्या बाया रांधायला. ते बघता बघता देशभरच्या शहरांत गेलं. त्याच वर्षी एफबीआयचे प्रमुख हूवर म्हणाले की पँथर हा देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका आहे. सरकारची स्वतःची शाळेतल्या नाश्त्याची योजना तेव्हा नुसती प्रायोगिक चालली होती, ती कायम झाली १९७५ मध्ये, आणि यात पँथरच्या नाश्त्याचा दबाव होता असं बरेच अभ्यासक मानतात. सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी त्यांनी वस्तीत जाऊन केली, ज्या आजाराकडे मोठी हॉस्पिटलं बघत नव्हती. सिग्नल, नाश्ता, रक्ताची तपासणी. यातलं मोठं तत्त्वज्ञान कोणतं आणि रोजचं जगणं कोणतं, मला तरी वेगळं काढता येत नाही.

भाड्याचा मुद्दा. खरंय, बार्बेक्यूने भाडं कमी होत नाही आणि ही गोष्ट मला रोज छळते. १९८० मध्ये ओकलंडात ४७ टक्के लोक ब्लॅक होते, २०२० मध्ये साधारण पाचातला एक. माणसं स्टॉकटनला गेली, अँटिऑकला गेली, दोन दोन तास गाडी चालवून परत इथेच कामाला येतात आणि रविवारी तळ्यावर येतात, कारण आजीचं चर्च इथे आहे, शाळेतले मित्र इथे आहेत. पण एक गोष्ट बघा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये वेस्ट ओकलंडात मॅग्नोलिया स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या पडलेल्या घरात काही बेघर आया मुलांना घेऊन राहायला गेल्या, मॉम्स फॉर हाउसिंग म्हणून ते प्रसिद्ध झालं. जानेवारीत घर खाली करायला शेरिफ येणार अशी कुणकुण लागली आणि फोनवर मेसेज गेले तर रात्रीच्या थंडीत शेकडो लोक दारात येऊन उभे राहिले. शेरिफ दुसऱ्या पहाटे आलेच आणि त्यांना बाहेर काढलं, पण गवगवा एवढा झाला की ते घर शेवटी सामुदायिक मालकीच्या लँड ट्रस्टकडे गेलं. एका मेसेजवर रात्री शेकडो माणसं कुठून येतात? जी माणसं एकमेकांना तोंडओळखीने ओळखतात, एकत्र जेवलेली असतात, तीच येतात. तुमच्या आमच्या सोसायटीत रात्री असा मेसेज गेला तर किती जण खाली उतरतील याचा विचार करून बघा, मी केला आणि मला बरं वाटलं नाही.

आता मराठीचं. "आपण कोणाकडे काही मागितलं नाही." आपल्यासाठी दुसऱ्यांनी मागून ठेवलं होतं हो! १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये ते दार किलकिलं झालं तेव्हा अख्ख्या भारताला कोटा वर्षाला १००. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा, आणि त्याच १९६५ मध्ये वंशावरून ठरवलेले कोटे काढून टाकणारा इमिग्रेशन कायदा, हे सगळं एकाच हवेतलं आहे, आणि ती हवा तयार करायला ब्लॅक लोकांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले, जीव दिले. इथल्या कित्येक जुन्या घरांच्या कागदांत अजून ते कलम सापडतं की गोऱ्यांशिवाय कोणाला घर विकायचं नाही. १९४८ मध्ये कोर्टांना ते कलम अंमलात आणायला मनाई झाली, १९६८ मध्ये कायद्याने भेदभावच बेकायदा ठरला. आपली मेहनत खोटी नाही, माझे स्वतःचे आईवडील बघितलेत मी, पण मेहनत करायला आत येऊ कोणामुळे दिलं गेलं हे विसरून कसं चालेल?

आणि नातं एकतर्फीही नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले ब्लॅक लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करणार होते त्याची प्रत मागितली, डू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि बाकीच्यांनी मुंबईत दलित पँथर काढली, ते नाव कुठून आलं तर याच ओकलंडातून. सेंट ऑगस्टिन चर्चची ती वस्ती आणि वरळीच्या चाळी यांच्यात पन्नास वर्षांपूर्वीच धागा बांधला गेलाय, मी मराठीत काही नवीन आणलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही साउथ बेमधल्या एका मंडळाच्या कामात असता. मग माझी एक मागणी आहे. गणपती, दिवाळी पहाट, सगळं आपण करतोच, चांगलं करतो. पुढच्या १४ एप्रिलला मंडळातर्फे एक कार्यक्रम ठेवा आणि त्यात वेस्ट ओकलंडमधल्या कोणाला तरी बोलवा, नाश्त्याच्या त्या हॉलमध्ये लहानपणी जेवलेली माणसं आज साठीची आहेत, अजून तिथेच आहेत. कमिटीत विषय मांडा. हॉलचा खर्च कसा जमवायचा ते आपण बसून ठरवू, आणि बोलणी करायला मी जाते.