पहिला घास सासऱ्याचा

आमच्या मालवणात केंड मासा जाळ्यात आला की रापणकर ज्या शब्दांत त्याचं स्वागत करतात, त्यातले फारच थोडे इथे छापता येतील. ‘मेल्यान जाळा खाल्ल्यान!’ हा त्यातला सर्वांत सोज्वळ. पाण्याबाहेर काढला की हा प्राणी टम्म फुगतो, आणि त्याआधी दातांनी जाळं कुरतडून ठेवलेलं असतंच. फुकट दिला तरी कोणी घरी नेत नाही. त्याच केंडाचा जपानी चुलतभाऊ, फुगू, खायला आमच्या जावयाने आम्हाला ओसाकात नेलं. तेही आगाऊ जागा राखून.

वाटेत लोकलमध्ये त्याने उत्साहाने माहिती पुरवली. विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन. ते मुख्यतः लिव्हरमध्ये आणि अंडाशयात असतं. उतारा नाही. आधी ओठांना मुंग्या येतात, मग हातापायांना, मग श्वास थांबतो. शुद्ध मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत. बांदो मित्सुगोरो नावाचा, काबुकी या जपानी पारंपरिक नाटकातला मोठा नट होता, सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलेला. 1975 साली क्योतोत त्याने हौसेने फुगूच्या लिव्हरच्या चार प्लेटी खाल्ल्या आणि गेला.

“गेला म्हणजे घरी?” हिने विचारलं.

“नाही आई. गेलाच.”

आता लिव्हर वाढायला बंदी आहे, आचाऱ्याला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, विषारी भाग कुलूपबंद डब्यात ठेवतात, असं त्याने पुढे सांगितलं. पण कुलूप आहे म्हणजे आत काहीतरी आहेच की!

चपला काढून तातामीच्या चटईवर बसलो. किमोनोतल्या बाई गुडघ्यांवर बसून इतक्या अदबीने वाकल्या की मला उगाच अंत्यदर्शनाची आठवण झाली. मग आलं ताट. कागदाहून पातळ काप शेवंतीच्या पाकळ्यांसारखे मांडलेले, खालची नक्षी आरपार दिसत होती. देखणं होतं, नाही म्हणत नाही. पण जपानात शेवंती अंत्यविधीलाही वाहतात, हेही जावयाने तेवढ्यात सांगून टाकलं.

“घ्या ना बाबा. आधी मोठ्यांनी.”

सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानचा तेव्हाचा राज्यकर्ता हिदेयोशी याने फुगूवर बंदी घातली, कारण कोरियावर स्वारीला निघालेले सैनिक लढाईआधीच हा मासा खाऊन मरायला लागले. पुढे 1888 साली जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांनी शिमोनोसेकीत तो स्वतः खाल्ला, आवडला, आणि यामागुची प्रांतापुरती बंदी उठवली. राज्यकर्त्याने आधी चाखायचं, ही पद्धत चांगलीच. आमच्याकडे तो मान सासऱ्याला.

खाल्ला. चव? दातांना काहीतरी चिवट लागलं, एवढं नक्की. बांगड्याच्या तिखल्यावर वाढलेल्या जिभेला ती चव शोधावी लागते. बाकीचे डोळे मिटून ‘अहाहा’ करत होते, म्हणून मीही केलं. तेवढ्यात ओठ चुरचुरले. मागोमाग उजवा पाय बधिर झाला. मी हिच्याकडे बघितलं. मुदत ठेवीची पावती कुठे आहे, हे सांगायला तोंड उघडलं.

“अहो, त्या किसलेल्या मुळ्यात मिरची आहे,” ही म्हणाली. “आणि मांडी बदला.”

मग मध्ये शेगडी आली, मातीच्या भांड्यात फुगूचे काटेरी तुकडे, कोबी, तोफू शिजू लागले. हे मात्र खरोखर चांगलं होतं. माशाचा भाजलेला पर घातलेली गरम साके, म्हणजे तांदळाची दारू, आली. बाईंनी तिच्यावर काडी धरली, निळी ज्योत उठली, आणि मी कसलीही चौकशी न करता ती पिऊन टाकली. शेवटी उरलेल्या पाण्यात भात आणि अंडं घालून मऊ पेज केली. पेज दिसताच हिचा जपानवरचा सगळा राग गेला.

“जावई किती संस्कारी बघा,” ही मला कुजबुजली. “मघापासून आपल्यालाच वाढतायत. स्वतः अजून एक घास खाल्लेला नाही.”

लेकीने ऐकलं. “अगं, तो इतकी वर्षं ओसाकात आहे, पण इथे कधी आलाच नव्हता. दर थंडीत म्हणायचा, आई-बाबा आले की जाऊ.”

जावयाने घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि आपला वाडगा पुढे केला.