"खासदार दिल्लीत बसून करतो तरी काय?" काकांच्या प्रतिक्रियेला जरा लांब उत्तर

काका नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. खाली दोन ओळीत "धन्यवाद, मताचा आदर" असं टाकून मोकळं होता आलं असतं पण तुम्ही मुद्दे खणखणीत काढलेत, त्यामुळे ते बरं दिसलं नसतं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अधिवेशन चालू असताना खासदाराचा आठवडा कसा जातो, आणि संरक्षण, न्याय, घरकुल ह्या तीन विषयात त्याला काय काय करता येतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर "एक जुना सोलापूरकर" ह्या नावानं काकांनी चांगलं झाडलंय. त्यांचं म्हणणं असं की सैन्य दिल्लीचं, न्याय कोर्टाचा, घरं राज्याची, मग खासदार मधी कशाला? एवढे प्रश्न विचारले, एवढी हजेरी, हे आकडे म्हणजे लोकांना येडं बनवायचं काम. बिल मांडलं तर पास होत नाही आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा हुकूम आला की गपगुमान बटण दाबायचं. रायनगर (सोलापूरजवळची कामगारांची घरांची वसाहत) आडम मास्तरांनी, म्हणजे माकपच्या नरसय्या आडमांनी केलं, खासदारानं नाही. इकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आणि तुम्ही दिल्लीचं कौतुक करताय, पाकीट किती मिळालं?

पाकिटाचं शेवटी बोलू.

आकड्यांचं आधी घेतो कारण तिथं मी तुमच्याच बाजूचा आहे. निवडणूक आली की व्हॉट्सअपवर फिरतं बघा, आमच्या साहेबांनी पाचशे प्रश्न विचारले, त्यांच्या साहेबांनी दोनशेच. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं उभं राहून द्यायचं आणि वर उपप्रश्न घ्यायचे, आणि २३० अतारांकित, ज्यांचं नुसतं लेखी उत्तर येतं. कुणाचा प्रश्न लागणार हे चिठ्ठी काढून ठरतं. त्यात एकाच विषयावर पाच-सहा खासदारांनी विचारलं असेल तर सगळ्यांची नावं एकाच प्रश्नावर घालतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एक एक जमा होतो. प्रश्न बऱ्याचदा पीएनं टाईप केलेला असतो. आणि तारांकित वीस असले तरी अकरा ते बारा ह्या तासात पहिल्या चार-सहा प्रश्नांपर्यंत गाडी जाते, तेही गोंधळ नसला तर. त्यामुळे आकडा बघून खासदार चांगला की वाईट ठरवायचं म्हणजे पोरगं वर्गात किती वेळा हात वर करतं त्यावरनं त्याचे मार्क काढण्यासारखं आहे.

पण म्हणून प्रश्नच फालतू, हे काय मला पटत नाही. प्रश्न सोडा, त्याची उत्तरं वाचा तुम्ही. संसदेच्या वेबसाईटवर सगळी पडलेली असतात, फुकट. घरांवर कुणीही प्रश्न विचारला की केंद्राच्या उत्तराचा पहिला परिच्छेद ठरलेला असतो, की जमीन आणि वसाहत हे राज्यांचे विषय आहेत, घरांच्या योजना राज्यं राबवतात, केंद्र फक्त प्रधानमंत्री आवास योजना शहरीमधून २५ जून २०१५ पासून मदत देतं. म्हणजे तुम्ही जे म्हणताय तेच सरकार म्हणतंय, घरं राज्याची. आता हुशार खासदार असेल तर तो इथं थांबणारच नाही कारण हा परिच्छेद येणार हे त्याला पाठ असतं. तो प्रश्नच असा घालतो की (क) सोलापूर जिल्ह्यात प्रकल्पवार किती घरं मंजूर, (ख) त्यातली किती प्रत्यक्ष सुरू झाली, (ग) किती पूर्ण, (घ) पूर्ण झालेल्यातल्या किती घरात लोक खरंच राहायला गेले, (ङ) केंद्राचा कितवा हप्ता सुटला आणि उरलेला कशावर अडलाय. मग खाली परिशिष्ट जोडून तक्ता येतो. त्या तक्त्यात "पूर्ण" आणि "राहायला गेले" ह्या दोन रकान्यात जो फरक असतो ना काका, तिथंच सगळी गोम असते, लाईट नाही, ड्रेनेज नाही, रस्ता नाही, बँकेनं कर्ज दिलं नाही. हा कागद घेऊन तुम्ही-आम्ही कलेक्टर ऑफिसला गेलो तर साहेबाला "बघतो, करतो" म्हणता येत नाही, कारण आकडा त्यांनीच वर पाठवलेला असतो. नुसतं "घरकुल योजनेची स्थिती काय" असं विचारणाऱ्या खासदाराला मात्र तो पहिला परिच्छेद मिळतो, वर देशभराचे आकडे, आणि तो तेच फेसबुकला टाकतो.

रायनगरचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं आहे. विडी कामगार बायकांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत, जिथं २००६ ला मनमोहन सिंग स्वतः आले होते, ती काय आणि नंतरचं रायनगर काय, लढा मास्तरांचा आणि त्या बायकांचा. त्यात कुणी वाटेकरी होऊ नये. (मोदींचं कौतुक केलं म्हणून मास्तरांनाच त्यांच्या पक्षानं तीन महिने केंद्रीय समितीतनं बाहेर बसवलं होतं, हे आठवतंय ना? घर मिळवायचं राजकारण असं असतं.) पण पैसा कुठनं आला ते बघा की. रायनगर ३० हजार घरांचं, ज्या गटात ते बसवलं त्यात घरामागं दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे. भूमिपूजन जानेवारी २०१९ ला, आणि पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला. आता योजनेची मूळ मुदत कधी संपत होती? मार्च २०२२. म्हणजे रायनगरला, कुंभारीच्या माळावर, ज्या चाव्या वाटल्या त्या मूळ मुदत संपून पावणेदोन वर्षांनी. मंजूर झालेली पण अर्धी राहिलेली घरं देशभर होती म्हणून मुदत डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवली. हा निर्णय कॅबिनेटचा, मान्य, पण कुठल्या जिल्ह्यात किती घरं अर्धी आहेत हे दरवर्षी मंत्रालयाला घासून विचारायची जागा कुठली? स्थायी समिती, म्हणजे एकेका खात्याचं काम तपासणारी खासदारांची समिती, आणि हेच प्रश्न. मोर्चानं घर मंजूर होतं, पण हप्ता सुटायला कागद लागतो, दोन्ही लागतं ओ.

न्यायाचं घ्या. मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपला सोलापूर असे सहा जिल्हे त्यात. त्याआधी अक्कलकोटच्या माणसाची जमिनीची केस हायकोर्टात असली की रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला फाईलची पिशवी उशाशी घेऊन झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून स्टेशनातच तोंड धुवायचं, कोर्टात जायचं, बोर्डावर नंबर खाली असला तर संध्याकाळी "पुढची तारीख" घेऊन परत तीच गाडी. कोल्हापूर आपल्याला काय बगलेत नाही, आपल्यातल्या कितीतरी वकिलांना आजही मुंबईची रात्रीची गाडीच सोयीची वाटत असेल, पण ते सोडा. मुद्दा असा की चाळीस वर्षांहून जास्त ह्या मागणीवर आंदोलनं झाली आणि संसदेतही भाषणं झाली. आणि खंडपीठाच्या मागणीला कायदामंत्र्यांचं उत्तर देशात कुठल्याही गावासाठी ठरलेलंच, की राज्य सरकारचा परिपूर्ण प्रस्ताव पाहिजे, जागा आणि खर्च राज्यानं द्यायचा, हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींची आणि राज्यपालांची संमती पाहिजे. म्हणजे दिल्लीच सांगत होती की बाबांनो माझ्या दारात बसू नका, मुंबईत जा. शेवटी झालं ते तसंच, १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१(३) कलमाखाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेनं बसण्याची जागा ठरवली. संसदेचं बिल नाही, मतदान नाही.

तुम्ही म्हणाल बघा, मी हेच म्हणत होतो. हो, अर्धं. असं उत्तर हातात असताना पुढच्या अधिवेशनात परत झिरो अवरला, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेला, उभं राहून तेच भाषण करणारा खासदार आपला वेळ खातो. त्याच उत्तराची प्रत घेऊन मुख्यमंत्र्यांना "प्रस्ताव कुठं अडकलाय, जागा कोण देणार" असं विचारणारा कामाचा.

संरक्षणावर तुम्ही "त्यात खासदाराला काय कळतंय" असं लिहिलंय. क्षेपणास्त्रातलं नसेल कळत. पण २०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६ लाख ८१ हजार कोटी, त्यातले १ लाख ६० हजार कोटी निव्वळ पेन्शन, जवळपास चार आण्यातला एक आणा. ही पेन्शन आपल्या मोहोळ, बार्शी, सांगोल्याच्या घरात येते. माझ्या ओळखीतले एक रिटायर हवालदार आहेत, डिस्चार्ज बुकात नावापुढं आडनाव नाही, आधारवर आहे, पेन्शन ऑनलाईन झाल्यापासून हयातीचा दाखला भरताना दर वर्षी तेच लफडं, सायबर कॅफेवाला पोरगा म्हणतो "आजोबा, नाव जुळत नाही." हा संरक्षणाचाच विषय आहे. आणि अग्निवीर. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं बघितलीत ना, अकॅडमीचे टीशर्ट घातलेली? जून २०२२ ला योजना जाहीर झाली, चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम. पहिली बॅच २०२२ च्या शेवटाला आणि २०२३ च्या सुरुवातीला आत गेली, म्हणजे हिशेब २०२६-२७ मध्ये. बाकीचे पंचाहत्तर टक्के गावाला येणार, त्यांना कुठल्या खात्यात किती राखीव जागा आणि त्यातल्या खरंच किती भरल्या, हे जिल्ह्याच्या आकड्यासकट विचारणारा खासदार मला पाहिजे, सीमेवर जाऊन फोटो काढणारा नको.

बिलांचं तुमचं खरंय. शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी विधेयकांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेल्या बिलांचे, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत पास झालेलं नाही. तेव्हा शेवटचं जे झालं ते न्यायाचंच होतं बघा, हायकोर्टानं निर्दोष सुटलेल्याला उलटं जन्मठेप किंवा कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा दिली तर सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क देणारं. आनंद नारायण मुल्ला म्हणून माजी न्यायाधीश खासदार होते, त्यांचं. त्यानंतर सगळं शून्य.

व्हिपचंही खरंय, १९८५ च्या पक्षांतर बंदी कायद्यानं मत पक्षाच्या ताब्यात गेलं. पण व्हिप मतदानाला लागतो ओ, प्रश्न विचारायला लागत नाही. स्थायी समितीतही नाही, तिथं ३१ जण, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, दार बंद, कॅमेरा नाही, सचिव समोर बसलेला. कॅमेरा नसला की आपली माणसं बरी बोलतात हे ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत सारखंच. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के बिलं समितीकडे जात होती, सतराव्यात १६ टक्के. आपण इथं "खासदार गटारीच्या उद्घाटनाला आला नाही" म्हणून बोंब मारतो, ह्याच्यावर कुणी ब्र काढत नाही.

आणि एक गोष्ट मागच्या लेखात जागेअभावी राहिली ती आता सांगतो. मंत्री उत्तरात बऱ्याचदा म्हणतो, "माहिती गोळा करण्यात येत आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." आपल्याला वाटतं टोलवलं. टोलवलेलंच असतं. पण हे वाक्य नियमानं आश्वासन धरलं जातं, "विचाराधीन आहे" हेसुद्धा. त्यासाठी शासकीय आश्वासन समिती आहे आणि मंत्रालयानं तीन महिन्यात ते पूर्ण करायचं असतं, नाहीतर मुदतवाढ मागायची. कित्येक आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात ते वेगळं. पण कुठल्या खासदारानं प्रश्न विचारला, असं उत्तर आलं आणि नंतर त्यानं पाठपुरावा केला का, एवढं एक तपासलं तरी माणूस कळतो. आपल्या सोलापूरचे आधीचे खासदार बनसोडे असोत, महास्वामी असोत, आता प्रणितीताई असोत, हा गज सगळ्यांना एकच लावा. पक्ष बघून गज बदलला तर मग माझ्यावर पाकिटाचा आरोप करा.

राहता राहिलं पाणी. नळाचं वेळापत्रक महापालिकेचं, उजनीचं पाणी पाटबंधारेचं, खासदार चावी फिरवू शकत नाही. पण उजनीवरनं शहराला येणाऱ्या दुसऱ्या जलवाहिनीत स्मार्ट सिटीचा पैसा आहे, म्हणजे केंद्राचाही, तेवढं तर लोकसभेत विचारता येतंच. आणि जिल्ह्यात दिशा समिती म्हणून आहे, केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी, अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव कलेक्टर, दर तीन महिन्यांनी बैठक घ्यायची असते. आवास योजना त्यातच येते. मागच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येतं, दहा रुपयांचं तिकीट लागतं. त्यात पाण्याचं, घरांचं कुणी काय विचारलं आणि अधिकाऱ्यानं काय लिहून दिलं ते सापडेल.

पाकीट मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर माझा पत्ता द्या. आणि काका, तुम्ही इतिवृत्ताचा अर्ज टाकणार असाल तर दोघं मिळून टाकू, तुम्ही घरांचं मागा, मी माजी सैनिकांचं काय निघतंय ते बघतो.