वाकळेला होतील अशा चार साड्या

ताई, पूरमदतीतल्या पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'माणूस गळ्याएवढ्या पाण्यात उभा असताना बाटल्यांच्या पुनर्वापराच्या गोष्टी कोल्हापुरात बसून सुचतात, शिरोळात नाहीत. आणि जुने कपडे देणं हा पूरग्रस्ताचा अपमान आहे,' असं तुम्ही लिहिलंय.

पहिलं निम्मं मान्य. २०१९च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. तेव्हा होडीतून जी बाटली पोचली ती पोचली, त्यावर वाद नाही. मी बोलतोय ते रस्ते सुरू झाल्यानंतरचं. तेव्हाही आपण बाटल्यांचे बॉक्सच पाठवत होतो. लग्नात वीस लिटरचे जार येतात, रिकामे झाले की टेम्पोवाला मोजून परत नेतो. छावणीसाठी तो कुणालाच आठवला नाही. मदतकार्याच्या स्फिअर मानकांत पिणं, स्वयंपाक, अंघोळ धरून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी सांगितलंय. ते बाटल्यांनी कसं भागवणार?

कपड्यांचा राग मात्र मला लागला, कारण गठ्ठे मीही बांधलेत. एका शाळेच्या व्हरांड्यात ते सोडताना पाहिले: ब्लाऊज नसलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, एक लग्नातला कोट. दोन दिवस पावसाची झड लागली, बुरशीचा वास सुटला आणि सगळं ट्रॉलीत भरून उकिरड्यावर गेलं. त्यातला एक गठ्ठा माझा. बांधलेल्या नाडीवरून ओळखला.

त्याच ढिगातून एक आजी सुती साड्या बाजूला काढत होत्या. 'पोरा, ह्या चार वाकळंला हुतील.' वाकळ म्हणजे जुन्या कापडाची गोधडी. अपमान जुनेपणात नाही ताई, न निवडता ढकलून देण्यात आहे. गूंज ही संस्था १९९९पासून कपडे निवडून, दुरुस्त करून पाठवते. गावानं विहीर किंवा रस्त्याचं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून ते मिळतात, आणि अंगावर न चालणाऱ्या सुती कापडाचे मासिक पाळीसाठी पॅड होतात. कष्टाचं घेताना कुणाची मान खाली जात नाही.

यंदा आमच्या तालीम मंडळात कपडे घेतानाच निवडायचं ठरलंय. (गाठी मारायला मला बसवायचं नाही, हेही ठरलंय.) तुमच्याकडे वाकळा शिवणाऱ्या बायका असतील तर कळवा. सुती साड्यांचा गठ्ठा वेगळा ठेवतो, शिलाईचे पैसे मंडळ देईल.