दारू पिणाऱ्याला विचारून काय कळणार? बरंच कळतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'व्यसनी माणूस खरं बोलत नाही. दोन डॉक्टरांना दाखवा, दोन निदानं मिळतील. ती प्रश्नावली थोतांड आहे, सरळ रक्त तपासा.' प्रश्नावली म्हणजे दारूचं व्यसन आहे का हे ठरवायला विचारतात ते ठरलेले प्रश्न. मेसेज वाचून कुणी घरच्या माणसाला डॉक्टरांकडे न्यायचं टाळू नये, म्हणून लिहितोय.

आधी रक्ताचं. रक्तातली दारू काही तासांत उतरते. नुकताच वरातीत एकदाच प्यायलेला सापडेल आणि वीस वर्षं पिणारा दोन दिवस कळ काढून आला तर सुटेल. निदान होतं ते गेल्या 12 महिन्यांवरून: सोडायचं ठरवून सुटली नाही का, काम बुडालं का, न घेतल्यास हात थरथरतात का.

खोटं बोलण्याचं म्हणाल, तर पोलिसी थाटात विचारल्यावर कुणीही लपवील. शुद्धीत असताना, बाहेर कुणाला कळणार नाही असा भरवसा दिला की बहुतेक जण खरं सांगतात.

'दोन डॉक्टर, दोन निदानं' हे तर मोजूनच बघतात. एकाच माणसाला दोघांनी वेगवेगळं विचारायचं आणि किती जुळतं ते पाहायचं. नुसती टक्केवारी फसवते. 100 जणांत दोघांनीही 10-10 जणांना व्यसनी ठरवलं, तर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी 82 जणांबाबत जुळेल! म्हणून मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये 'कप्पा' हे माप दिलं. ते योगायोगाची जुळणी वजा करतं: सगळं जुळलं तर 1, नुसत्या योगायोगाइतकंच जुळलं तर 0. इथे 94 जणांबाबत जुळलं, तरी कप्पा 0.67च्या आसपासच भरतो. एवढी कडक परीक्षा आहे ही.

डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकासाठी अशाच चाचण्या झाल्या, त्यांत दारूच्या विकाराचा कप्पा 0.40 आला, हे खरं. पण तिथे डॉक्टरांनी आपापल्या नेहमीच्या पद्धतीनं विचारलं होतं, ठरलेल्या प्रश्नावलीनं नव्हे.

आपल्या भागातली अडचण वेगळीच आहे. माझ्या काकांना कन्नडमधून विचारलं, दिवसाला किती? ते म्हणाले, एक. कागदावर 1 पडला. पुढच्या खेपेला मराठी बोलणाऱ्या ताईंनी विचारलं, "काका, एक म्हणजे पेग की क्वार्टर?"

"क्वार्टर, बगा."

जागतिक आरोग्य संघटनेच्या 10 प्रश्नांच्या 'ऑडिट' चाचणीत एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल. क्वार्टर म्हणजे 180 मिली; तेवढ्या व्हिस्कीत ते साधारण 60 ग्रॅम भरतं. कागदावरच्या एकाचे सहा झाले. खोटं कुणीच बोललं नव्हतं.