आर कोणाच्या नावावर?

कोकणातली मोकळी जमीन आणि ऑडॅसिटीतली, म्हणजे संगणकावर आवाज दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममधली, मोकळी कळ, दोन्ही नुसत्या दिसायला मोकळ्या. पडीक तुकडा बघून गडग्याला पहिला दगड लावावा, तर त्याच संध्याकाळी मुंबईच्या चुलत्याचा फोन. इथेही तेच. ‘आर म्हणजे रिपेअर’ असं सरळ मनाशी धरून बसावं, तर आरच्या सातबाऱ्यावर रेकॉर्डचं नाव आधीच लागलेलं.

मुळात माणूस या फेरफाराच्या नादी लागतो कशाला, तर डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, जुन्या कॅसेटमुळे. सी-60ची एक बाजू म्हणजे 30 मिनिटं, आणि बुवांच्या प्रत्येक चालीत माईकची वायर हलल्याचे टक्, टक्. हे टक् काढणारा रिपेअर नावाचा इफेक्ट गुणी आहे, पण स्वभावाने तलाठी. एका वेळी फक्त 128 सँपल, म्हणजे आवाजाचे बारीक ठिपके, घेतो. सेकंदाला 44100 सँपल धरले तर हा तुकडा जेमतेम 3 मिलिसेकंदांचा. 129वं सँपल निवडलंत की अर्ज परत. शिवाय निवडलेल्या तुकड्याच्या कडेला धड आवाज लागतो, कारण त्याच्याच अंदाजाने तो मधला खड्डा बुजवतो.

म्हणजे प्रत्येक टकमागे: तो ऐका, साधारण जागा निवडा, कंट्रोल-ई दाबून तेवढाच भाग पडदाभर करा, आवाजाच्या रेघेतला टकचा नेमका दात निवडा, मग माऊस घेऊन इफेक्टचा मेनू, त्यातला उपमेनू, त्यात रिपेअर. मग कंट्रोल-3 दाबत दाबत परत मागे. जूनच्या दमट दुपारी, घामट हाताने. विसाव्या टकला रिपेअरच्या शेजारचा भलताच इफेक्ट लागतो आणि ऐकणारा विचारतो, “पेटी खंय गेली रे?”

तेव्हा कळ लावून घ्यावी हे उत्तम. कंट्रोल-पी दाबलं की प्रेफरन्सेस उघडतात. (बाकी सगळीकडे या कळांनी छपाई होते, हे विसरायचं.) जुन्या आवृत्तीत डावीकडे कीबोर्ड लिहिलेलं असतं, नव्यात शॉर्टकट्स. तिथे यादी झाडासारखी फांद्याफांद्यांनी उघडते. त्या झाडावर चढू नये. सरळ शोधाच्या चौकटीत रिपेअर टाइप करावं, ओळ निवडावी, शॉर्टकटच्या चौकटीत टिचकी मारून आर दाबावा आणि सेट म्हणावं.

लगेच हरकत येते. ही कळ रेकॉर्डकडे आहे, तरी रिपेअरला द्यायची का? ओके म्हटलंत की काम फत्ते. कोर्ट नाही, वारस-तपास नाही, तलाठ्याला चहा नाही. रेकॉर्डचं नाव उतरलं, रिपेअरचं चढलं. आपल्याकडे हे एवढं सोपं असतं तर निम्म्या सिंधुदुर्गाची भांडणं मिटली असती. आणि माझ्या मते रेकॉर्डला बेघर करणं पुण्याचंच आहे. कॅसेटची प्रत्येक बाजू एकदाच भरून घ्यायची असते, त्याला माऊसने लाल बटण पुरतं. उलट आर त्याच्याकडे ठेवला आणि चुकून बोट पडलं, की डबलबारीच्या शेपटाला आपला पंखा, कावळे आणि शेजारच्यांचा कुकर जोडला जातो.

पुढची गंमत अशी की सेट म्हणजे शेवट नव्हे. खालचं ओके दाबेपर्यंत तो नुसता तोंडी व्यवहार. वीस कळा नीट लावून सवयीने कॅन्सल दाबलं, की वीसच्या वीस पाण्यात.

एक्सच्या कळीला मात्र हात लावू नका. स्पेसने थांबवलं तर कर्सर होता तिथेच उभा राहतो. एक्सने थांबवलं तर जिथे आवाज थांबला तिथे येऊन बसतो, म्हणजे टकच्या अगदी उंबऱ्याशी. ही वहिवाट मोडू नये.

कंट्रोल-आर ही कळ गोड आहे आणि म्हणूनच घातकी. शेवटचा इफेक्ट ती त्याच आकड्यांनी पुन्हा लावते, चौकट न उघडता, न विचारता. विजेची गुणगुण काढायला नॉच फिल्टर, म्हणजे ठरावीक सूर तेवढा कापणारा इफेक्ट, लावला असेल तर ठीक. (त्यात आधीच भरलेला आकडा 60 हर्ट्झ असतो, तो अमेरिकेच्या विजेचा. कुडाळची वीज 50ची, तेव्हा 50 टाका, मग वेगवेगळे 100 आणि 150. क्यूचा, म्हणजे काप किती अरुंद ते ठरवणारा, आकडाही 1वर ठेवू नका, वाढवा, नाहीतर पखवाजाचा धुमाही त्याच्याबरोबर जातो.) पण मध्ये कोणी अॅम्प्लिफाय लावून गेलं असेल, तर कंट्रोल-आर गुणगुण काढायच्या ऐवजी आवाज वाढवतो आणि माळ्यावरचं मांजर खाली येतं. मेनूत ‘रिपीट’पुढे कोणाचं नाव आहे ते आधी वाचावं. कंट्रोल-झेड आहेच म्हणा.

लेबलचं दुखणं निराळंच. भजनातल्या एखाद्या गजराचं नाव लिहायला लेबल, म्हणजे आवाजाखालची नावाची चिठ्ठी, उघडलं आणि एंटर न दाबता तसंच सोडलं, तर पुढची प्रत्येक कळ त्या नावात जाते. स्पेस दाबून गाणं का वाजत नाही म्हणून आणखी चार स्पेस, मग वैतागून आर, आर. शेवटी गजराच्या नावामागे नुसती आरती उरते, तीही अर्धी.

लॅपटॉपवाल्यांनी वरच्या एफ-कळांवर इफेक्ट लावण्याआधी त्या कळा नुसत्या दाबून बघाव्यात. बऱ्याच लॅपटॉपांवर एफएनशिवाय दाबल्या की रिपेअर होत नाही, पडदा काळा होतो.

सगळं मनासारखं लागलं की त्याच शॉर्टकट्सच्या पानावरचं एक्सपोर्ट दाबा. एक्सएमएल फाइल मिळते, ती पेनड्राइव्हवर ठेवा. मंडळाच्या संगणकावर आज ना उद्या कोणीतरी डिफॉल्ट्स दाबणारच, तेव्हा इम्पोर्टने दहा सेकंदांत आपला उतारा परत लागतो. फक्त ती फाइल नोटपॅडात उघडून शहाणपणा करू नये. एकच कळ दोघांच्या नावावर पडली तर ऑडॅसिटी अख्खी फाइल नाकारते, त्या दोघांचीच नव्हे.

एवढं करून आर दाबावा आणि काहीच होऊ नये, असंही होतं. सातबारा स्वच्छ, पण खालची कळच खाऱ्या हवेने किंवा फणसाच्या चिकाने धरलेली. साधा कीबोर्ड असेल तर वायर काढावी, टोपी अलगद उचकटावी आणि कापसाच्या काडीने पुसावं. चिकाला आधी थेंबभर खोबरेल, मग ते तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. कॅसेटचं हेड पुसायला आणलेली बाटली घरात असतेच. टोपी परत बसवताना शेजारच्या टीची आरवर बसवू नये.