नाईटचे पैसे मी घेतो, आणि घेत राहीन

बीएसएनएलमधून निवृत्त होऊन मी दशावताराच्या, म्हणजे कोकणातल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याच्या, एका कंपनीत (नाटकमंडळीत) गेलो, त्यावर ‘पन्नाशीनंतर तोंडाला रंग’ हा लेख लिहिला होता. त्या लेखाखाली आलेल्या एका प्रतिक्रियेला हे उत्तर आहे. लगेच लिहायला बसलो असतो तर शब्द जड गेले असते, म्हणून काही दिवस थांबलो. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी ती जशीच्या तशी देतो. तिच्यातली ‘नाईट’ म्हणजे एका रात्रीच्या नाटकाचं मानधन.

“काका, लेख वाचला. पेन्शन चालू असली की स्वप्नाच्या मागे जाणं सोपं असतं. माझ्या वडिलांनी उभं आयुष्य दशावतारात काढलं, त्यांना दुसरा पर्याय नव्हता. तुम्ही पेन्शन खाता आणि वर नाईटचे पैसेही घेता, म्हणजे पोटासाठी नाचणाऱ्या एखाद्या पोराच्या ताटातलं ओढून घेता. 2020 आणि 2021 ला जत्रा बंद होत्या तेव्हा आमच्या घरी चूल कशी पेटली ते लिहा ना. ‘वय आड येत नाही, निघा’ असं सांगून लोकांना भुलवू नका, सगळ्यांना बीएसएनएलची पेन्शन नसते. आणि काकूंना विचारलं होतं का? रिटायर्ड माणसांची ही थेरं बघून हसू येतं. – एका दशावताऱ्याचा मुलगा”

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त तीच लागली. मतभेदाचं मला वावडं नाही. याआधीही लोकांनी माझ्या विरोधात लिहिलंय आणि त्यांना मी नीट उत्तरं दिली आहेत. पण ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाही, ज्याचं काम पाहिलं नाही, त्याच्या जन्मभराच्या ध्यासाला थेरं म्हणायचं, त्याच्या बायकोला मध्ये ओढायचं, आणि खाली स्वतःचं नावही घालायचं नाही, ही कुठली रीत? मी नावानिशी लिहितो, गावानिशी लिहितो. पेन्शन ‘खातो’ म्हणता. तीस वर्षं कोकणच्या पावसात टेलिफोनच्या खांबांवर चढलो, पाणी भरलेल्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून केबलचे जॉइंट केले, तेव्हा ती मिळाली. कुणी देणगी दिली नाही. तुमचे वडील जुने दशावतारी आहेत असं तुम्ही म्हणता. अशा माणसांना मी जवळून ओळखतो. रंगमंचावर समोरच्याला निरुत्तर करतील, पण रंगपटात, म्हणजे रंग लावायच्या जागी, आल्यावर आधी त्यालाच विचारतील, “जेवलंस काय रे?” त्यांच्या घरातून ही भाषा आली यावर माझा विश्वास बसत नाही.

एक मान्य करतो. बंद पडलेल्या त्या दोन हंगामांबद्दल माझ्या लेखात एक ओळही नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

आता ताटातलं ओढून घेण्याबद्दल. हा आरोप साधा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीत माझी जागा कोणती, हे आधी ऐका. नोकरी सोडून गावी आलो आणि मालकांकडे गेलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली, “येवचा तर ये, पण पेटारो उचलूचो लागतलो.” मी उचलला. टेम्पोतून सामान उतरवलं, देवळासमोर पडदा बांधला, लाइटच्या वायरी ओढल्या, बाकडा मांडला. त्या एका बाकड्यावर रात्रभर इंद्राचं सिंहासनही होतं आणि ऋषीचं आसनही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे आड दशावतारात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, भटजी मिळाला. त्यातला संकासुर नावाचा असुर खास मालवणीत त्या भटजीची फिरकी घेतो, लोक हसतात, आणि नवख्याचं अवसान पहिल्यांदा तिथेच गळतं. माझंही गळलं होतं. आज आख्यानात, म्हणजे मुख्य कथेत, मला ऋषी मिळतो, प्रधान मिळतो, कधी एखादा म्हातारा राजा मिळतो. कंपनीत येणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना काय हवं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. राजा हवा असतो, राक्षस हवा असतो, तलवार घेऊन मृदंगावर युद्ध हवं असतं, आणि ज्याचा चेहरा आणि आवाज नाजूक त्याला स्त्रीपात्र हवं असतं. तेच बरोबर आहे, ते वय त्याचंच. विश्वामित्राची दाढी लावायला त्यांच्यातलं कुणी माझ्याशी भांडल्याचं मला आठवत नाही. मग मी कुणाची जागा घेतली? त्या पोराचं नाव सांगा, मी त्याच्या घरी जाऊन माफी मागेन.

पैशाचं म्हणाल, तर तुम्ही हा विचार अर्ध्यावर सोडला आहे. समजा मी फुकट नाचलो. गावातून येणारी बिदागी ठरलेली, टेम्पो, डिझेल आणि सामान यांचा खर्च वाढलेला, मालकाचे हात बांधलेले. आणि अशा वेळी एक माणूस पैसे न घेता उभा राहतोय. दुसऱ्या वर्षी त्याच मालकाने एखाद्या गरजू पोराला, “तो काका फुकट येतो, तुला एवढी नाईट कशाला?” असं विचारलं तर त्या पोराने काय उत्तर द्यायचं? हौशी माणूस धंद्यात फुकट शिरला की दर पडतो. बांधकामात पडतो, क्लासमध्ये पडतो, तसाच इथेही पडतो. पेन्शनवाल्याने नाईट घेऊ नये असं सांगून तुम्ही ज्या पोराची कड घेताय, त्याचंच नुकसान कराल. म्हणून पहिल्या दिवसापासून माझा नियम आहे की माझ्या पात्राला जी नाईट असेल ती मी घेणार, एक रुपया कमी नाही. त्या पैशाचं मी पुढे काय करतो हा माझा प्रश्न आहे. तो मी जाहीर करणार नाही, तुम्ही कितीही डिवचलंत तरी.

आणखी एक. ‘पोटासाठी नाचणारा’ आणि ‘हौसेसाठी नाचणारा’ अशी सरळ रेघ तुम्ही मारता. सिंधुदुर्गात ती रेघ कधी होती? हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. मिरगानंतर हेच राजे आणि राक्षस चिखलात लावणी करतात. कुणाची काजूची झाडं आहेत, कुणाची रिक्षा आहे, कुणी गवंडीकाम करतो. आमच्या कंपनीतला स्त्रीपात्र करणारा मुलगा गोव्यातल्या कारखान्यात दिवसपाळी करतो. संध्याकाळी मोटारसायकलवरून थेट जत्रेच्या गावी येतो, रंगपटात भिंतीला टेकून डुलकी काढतो आणि उठून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. दहा-पंधरा मिनिटांत तो द्रौपदी झालेला असतो. पहाटे नाटकाच्या शेवटी दहीहंडी फुटली की पुन्हा गाडीला किक. त्याला कारखान्याचा पगार आहे, मग तोही दुसऱ्याचं ताट ओढतो का? त्याचा पगार चालतो आणि माझी पेन्शन चालत नाही, याचं कारण मला सांगा. मला दिसतं ते एवढंच की तो तरुण आहे आणि मी नाही.

आता ‘सोपं असतं’ म्हणालात त्याबद्दल. हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही भाग पाडलंत.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांच्यात तेही होते. आमच्याकडे दर महिन्याला येणारी मनीऑर्डर बंद झाली. काही महिन्यांनी वडीलच गावी आले आणि परत गेले नाहीत. त्यांना स्वतःला दशावताराचं वेड. मुंबईत असताना चाळीतल्या गाववाल्यांबरोबर तोंडाला रंग लावलेला माणूस. मी सोळा वर्षांचा असताना सोनुर्लीच्या माऊलीच्या जत्रेला गेलो. तिथे लोटांगणं बघितली, रात्री नाटक बघितलं आणि सकाळी घरी न येता कंपनीच्या मागोमाग पुढच्या गावी गेलो. मालकाने मला भांडी घासायला ठेवून घेतलं होतं. वडील शोधत तिथे आले. मारलं नाही. रंगपटाबाहेर उभं करून म्हणाले, “नाटकात नाचान पोट भरणा नाय. माझा काय झाला ता बघतंस मां?” ज्या माणसाचं ते वेड होतं त्याच माणसाने ते माझ्या हातातून काढून घेतलं. तेव्हा घरात भात पुरत नव्हता आणि धाकट्या दोन बहिणी होत्या. मी त्यांच्याबरोबर घरी आलो, आयटीआय केलं, दूरसंचार खात्यात लागलो. 2000 साली खात्याची बीएसएनएल झाली, तरी माझं काम तेच राहिलं, खांब, डीपी (जोडणीची पेटी) आणि केबल.

तुमच्या वडिलांना दुसरा पर्याय नव्हता. मलाही नव्हता. ते कलेत राहिले आणि हाल सोसले. मी कलेबाहेर राहिलो, आणि ते काय असतं हे तुम्हाला कळणार नाही. पंचक्रोशीत नाटक असलं की लाइन दुरुस्तीचं निमित्त काढून मी त्या गावात मुक्काम करायचो. मोटारसायकलवर एकटा असताना राजाचं स्वगत म्हणायचो, मग त्याला प्रधानाचं उत्तर द्यायचो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नाईक, म्हणजे कंपनीचा सूत्रधार, रंगपटात आख्यान सांगतो आणि पुढचं संभाषण तिथल्या तिथे उभं करायचं असतं. समोरचा नट पुराणातला कुठलाही प्रश्न टाकू शकतो, त्याचं उत्तर तोंडात हवं. त्यासाठी मी वर्षानुवर्षं पोथ्या वाचल्या, वंशावळी पाठ केल्या, आपल्याला कधी रंगमंचावर उभं राहायला मिळेल याची काही आशा नसताना. 2019 ला स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती घेता येत होती, मी एक्कावन्न वर्षांचा होतो. 31 जानेवारी 2020 ला देशभरात 78 हजारांहून अधिक लोक एका दिवशी बाहेर पडले. बाहेर पडल्यावर कुणी दुकान काढलं, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं. मी पेटारा उचलायला गेलो. हे तुम्हाला सोपं वाटतं? पन्नाशीतल्या गुडघ्यांनी रात्रभर उभं राहून बघा. ज्यांना मी एकेकाळी टेलिफोनची जोडणी देत होतो त्यांच्याच समोर, त्यांच्याच गावात भटजी होऊन संकासुराकडून फजिती करून घ्या, आणि मग सोपं म्हणा.

बाकीच्या मुद्द्यांवर थोडक्यात लिहितो. ‘लोकांना भुलवू नका’ म्हणता. माझ्या लेखात नोकरी सोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्या घरचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला कळतो. टाळेबंदीच्या काळात माझी पेन्शन चालू होती आणि कंपनीतल्या लोकांचं काहीच चालू नव्हतं, हे खरं आहे. मी कंपनीत शिरल्यावर थोड्याच दिवसांत टाळेबंदी लागली. पण जत्रा मी बंद केल्या नव्हत्या. त्या दोन वर्षांवर लिहायला हवं, पण ज्याच्या घरची चूल थंड होती त्याने ते लिहावं. तुम्हीच लिहा, मी वाचेन. घरात विचारलं होतं का, या प्रश्नाला उत्तर देणार नाही. तो विचारण्याचा तुम्हाला हक्क नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढची लिहाल ती मात्र नावानिशी लिहा, निनावी मजकुराला मी पुन्हा उत्तर देणार नाही.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडे माझं एक काम आहे, आणि ते तुमच्या-माझ्या वादाच्या बाहेरचं आहे. जुन्या कंपन्यांमध्ये ऋषीचा प्रवेश मृदंगाच्या वेगळ्या चालीवर व्हायचा, तो पडद्यापासून बाकड्यापर्यंत पावलं मोजून यायचा, असं आमचे पेटीवाले बुवा सांगतात. पण ती चाल त्यांना वाजवून दाखवता येत नाही, कारण त्यांनी ती फक्त लहानपणी ऐकली आहे. आज ऋषीही राजाच्याच चालीवर येतो आणि मला ते दर वेळी खटकतं. तुमच्या वडिलांना ती येत असेल तर मला शिकायची आहे. कुठे आणि कधी यायचं तेवढं कळवा. आमच्या मृदंगवाल्याला घेऊन येतो. तुम्ही घरी नसलात तरी चालेल.